सरकार बदलले की अणुभट्टीचे काय होते?

या पानावर येणारे प्रश्न बहुधा शिक्षणाचे, वारसाहक्काचे, रेशनकार्डाचे, नाहीतर लग्नात अडलेल्या बोलणीचे असतात. या वेळी प्रश्न आला तो अणुभट्टीचा, आणि तोही धर्मापुरीतल्या एका घरातून. विचारणाऱ्या भाभींचे यजमान परळीच्या वीज केंद्रात गुत्तेदाराकडे कामाला होते. जुने संच बंद झाले तसे तेही काम गेले. मुलगा आयटीआय झालेला आहे, आणि घरची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे. कुणीतरी त्यांना सांगितले, दिल्लीत नवा कायदा झाला आहे, परळीच्या जुन्या संचांच्या जागी आता छोटी अणुभट्टी येणार, जमिनीला सोन्याचा भाव येईल, विकू नका. दुसऱ्या कुणी सांगितले, अणुभट्टी आली की आसपासची जमीन कुणी फुकट घेणार नाही, आत्ताच विकून मोकळे व्हा. भाभींचे म्हणणे एवढेच, "दोघंही आपलीच माणसं आहेत. मग खरं कोण बोलतंय?"

आम्ही कागदपत्रे चाळली, जुन्या बातम्या काढल्या. दोघेही ऐकीव बोलत आहेत असे आमचे मत झाले. पण ही अफवा हवेतून आलेली नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट, अणुवीज तयार करण्याचे लक्ष्य जाहीर झाले. आज देशाची अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॅटच्याही आत आहे, यावरून उडी केवढी आहे ते कळावे. छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपये ठेवले गेले आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या निदान पाच छोट्या भट्ट्या चालू करायचे ठरले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीबाबत सामंजस्य करार केला. परळीचे केंद्र चालवते तीच ही महानिर्मिती. बंद होणाऱ्या कोळशाच्या केंद्रांच्या जागा अणुभट्टीसाठी वापरता येतील का, हा विचारही केंद्राने बोलून दाखवलेला आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा कायदा मंजूर केला, ज्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. या चार बातम्या एकमेकींना जोडल्या की परळीत अणुभट्टी उभी राहते, पण फक्त बोलण्यात. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडासुद्धा नव्हे. फार तर पाहुण्यांनी येऊन चहा घेतला असे समजावे.

तरीही भाभींच्या प्रश्नाला "अफवा आहे, सोडून द्या" एवढे उत्तर पुरणार नाही. या देशात अणुवीज कुठे, कधी, कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या जोखमीवर येते हे शास्त्रज्ञांइतकेच सरकारांनी ठरवले आहे, आणि सरकारे बदलत राहतात. बदलली की यातले काय बदलते आणि काय तसेच राहते, हे ज्याला माहीत आहे त्याने आपली दोन एकर कोणाच्या बोलण्यावर विकायची आणि कोणाच्या बोलण्यावर नाही हे ठरवावे.

आधी एक साधी गोष्ट. घटनेच्या सातव्या अनुसूचीत अणुऊर्जा हा विषय केंद्राच्या यादीत आहे. मुंबईत कोणाचेही सरकार असो, अणुभट्टी हवी की नको हे तिथे ठरत नाही. मुंबईच्या हातात जमीन, मोबदला, पाणी आणि पोलीस एवढे असते. हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच कोडे सुटते.

महाराष्ट्राला पहिली अणुवीज मिळाली ती तारापूरची. १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्या चालू झाल्या. यंत्रे अमेरिकेची, इंधनही अमेरिकेनेच द्यायचे. मग १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा कडक केला, आणि तारापूरचे इंधन अडकले. भट्टी तीच, कामगार तेच, वीज वापरणारे आम्ही तुम्ही तेच, पण वॉशिंग्टनमधले राजकारण बदलल्यामुळे पालघरच्या किनाऱ्यावर चिंता सुरू झाली. १९८२ मध्ये इंदिरा गांधी अमेरिकेला गेल्या तेव्हा तोडगा निघाला की अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे. पुढे चीनने दिले, पुढे रशियाने. तमिळनाडूतल्या कुडनकुलमची कथा तर आणखी विचित्र आहे. १९८८ मध्ये राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांनी करार केला, आणि तीन वर्षांत ज्या देशाशी करार केला तो सोव्हिएत संघच नकाशावरून गेला. बांधकाम सुरू व्हायला २००२ उजाडले, पहिल्या भट्टीची वीज मिळायला २०१३.

धर्मापुरीच्या माणसाला राजवटी बदलण्याचे नवल नाही म्हणा. गावात चालुक्य वळणाचे केदारेश्वराचे मंदिर आहे, किल्ला आहे. आमच्या वाडवडिलांनी निजामाचे राज्य पाहिले, १९४८ नंतर हैदराबाद राज्य पाहिले, १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. प्रत्येक वेळी कचेरीवरची पाटी बदलली, पण शेताच्या बांधावरचा वाद होता तिथेच राहिला. अणुवीजेच्या राजकारणातही पाट्यांचे असेच झाले आहे.

२००८ चा जुलै महिना आठवा. मनमोहन सिंग यांच्या सरकारने अमेरिकेशी अणुकरार करायचे ठरवले म्हणून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला. २२ जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव झाला, सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी वाचले. भाजपचे खासदार नोटांची बंडले घेऊन सभागृहात आले तो हाच दिवस. भाजपने तेव्हा सरकारच्या विरोधात मतदान केले, करारातल्या अटी देशाच्या हिताच्या नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. सहा वर्षांनी तेच सत्तेत आले आणि त्याच करारावर पुढचे मजले चढवू लागले. यात आम्हाला धक्का बसण्यासारखे काही वाटत नाही, विरोधी बाकावर बसलेला पक्ष वेगळे बोलतोच. पण मधल्या काळात एक खरी झुंज झाली होती आणि ती फार थोड्यांना आठवते. आमच्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे.

अणुभट्टीत अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? परदेशी कंपन्यांचे म्हणणे होते, भट्टी चालवणाऱ्याने द्यावी. यंत्र आम्ही विकले, विषय संपला. २०१० मध्ये या भरपाईचा कायदा संसदेत येत होता, आणि नेमके त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा खटला निकाली लागला. १९८४ च्या डिसेंबरात जुन्या भोपाळच्या गल्ल्यांत झोपेत माणसे मेली होती, आणि साडेपंचवीस वर्षांनी दोषींना शिक्षा काय झाली, तर दोन वर्षांची. देशभर संताप उसळला. त्या संतापाच्या वातावरणात अणुभरपाईचा मसुदा चर्चेला आला. त्यात कलम १७ होते, भट्टी चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून पैसे वसूल करण्याचा हक्क कधी मिळेल ते सांगणारे. एक, करारात तसे लिहिले असेल तर. दोन, पुरवठादाराच्या सदोष मालामुळे अपघात झाला असेल तर. मसुद्याच्या एका टप्प्यावर या दोहोंच्या मध्ये 'आणि' हा शब्द येऊन बसला. म्हणजे माल सदोष असून भागत नाही, करारातही लिहिलेले हवे. कोणती कंपनी असे लिहून देईल? डावे आणि भाजप दोघांनीही आवाज उठवला, आणि 'आणि' काढावा लागला. मग 'हेतुपुरस्सर' अशा अर्थाचा शब्द घुसवण्याचा प्रयत्न झाला, तोही मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०१० अखेर कायदा झाला तेव्हा सदोष यंत्र विकणाऱ्यावर जबाबदारी कायम होती. एवढ्या मोठ्या देशाची संसद एका 'आणि'वर अडून बसली, आणि अडून बसली ते बरेच झाले.

आमच्या घरातल्या वाचकांनी हे वेगळ्या पद्धतीने पाहावे. शेजाऱ्याने गॅसची शेगडी विकली, तिच्या नळीत दोष होता, घर पेटले. शेगडी विकणारा म्हणतो, वापरत तुम्ही होता. आपण हे ऐकून घेऊ का?

या कायद्यामुळे परदेशी कंपन्या बिचकल्या हे खरे. पंधरा वर्षांत एकाही नव्या परदेशी कंपनीने इथे भट्टी उभी केली नाही, आणि त्यात या कलमाचाही वाटा होता. आता डिसेंबर २०२५ चा शांती कायदा पाहा. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाईचा कायदा, दोन्ही त्याने रद्द केले. पुरवठादाराकडून वसुली आता करारात लिहिलेली असेल तर, किंवा कुणी मुद्दाम नुकसान केले असेल तर. सदोष मालाचा स्वतंत्र हक्क गेला. २०१० मध्ये तो हक्क टिकवण्यासाठी जे भांडले त्यातला एक पक्ष आता सरकारात आहे आणि त्यानेच तो काढला. २०१० मध्ये तो पातळ करू पाहणारी काँग्रेस आता विरोधात आहे, आणि घाई कशाला, मसुदा संसदीय समितीकडे पाठवा म्हणून ती आग्रह धरत होती. दोन्ही बाजूंनी बाके बदलली तशी भाषाही बदलली. मोठ्या भट्टीच्या चालकाची भरपाईची मर्यादा १,५०० कोटींवरून ३,००० कोटी झाली हे नव्या कायद्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. लहान भट्ट्यांना ती याहून बरीच कमी आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याने दर्जा मिळाला हेही चांगले झाले, त्याची मागणी जुनी होती. तरी आमच्या मते जमेपेक्षा वजाबाकी जास्त आहे. भट्टीजवळ राहणाऱ्या घराच्या बाजूने जो एक शब्दाचा आधार होता तो गेला, आणि तोही फारशा चर्चेविना.

आता कोकणात चला. राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर जैतापूर प्रकल्प ठरला. फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅट. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांतली सुमारे ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली. बहुतेक खातेदारांनी सुरुवातीला धनादेश घ्यायला नकार दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, डिसेंबरमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले आणि करारावर सह्या झाल्या. तीन महिन्यांत, ११ मार्च २०११ ला, जपानमध्ये फुकुशिमा घडले.

माडबनच्या खाडीपलीकडे साखरी नाटे हे बंदर आहे. मच्छीमारांचे गाव, बहुतांश मुस्लिम वस्ती. तिथल्या लोकांची जमीन या प्रकल्पात जात नव्हती, म्हणून त्यांना धनादेश देण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांची भीती समुद्राची होती. अणुभट्टी थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घ्यायचे आणि गरम करून परत सोडायचे, तर मासळी कुठे जाणार? प्रकल्पाभोवती पहारा बसला तर होड्या कुठून काढायच्या? शेतकऱ्याकडे दाखवायला सातबारा असतो. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्यात जाळे टाकले त्या पाण्याची नोंद कुठल्याच तलाठ्याकडे नाही, त्यामुळे नुकसान मोजायचे कसे हाच पहिला वाद. जमीनवाल्यांचा मोबदला पुढे वाढत गेला, २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत गेला. मासळी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचे काय, याचे उत्तर कोणत्याही सरकारी तक्त्यात सहज बसत नाही.

१८ एप्रिल २०११ ला नाट्यात पोलिसांनी गोळीबार केला. एक मच्छीमार मरण पावला. आम्ही त्यांचे नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची परवानगी घेतलेली नाही. तेव्हा मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार होते, दिल्लीतही तेच. शिवसेना विरोधात होती आणि प्रकल्प होऊ देणार नाही असे ठणकावून सांगत होती. नाट्याच्या मुस्लिम मोहल्ल्यात भगव्या झेंड्याचे स्वागत झाले, कारण त्या घडीला तोच एक झेंडा त्यांच्या बाजूला उभा होता. हे आम्हाला फार बोलके वाटते. पोटाचा प्रश्न आला की माणसे झेंड्याचा रंग पाहत बसत नाहीत.

पुढे काय झाले? २०१४ मध्ये शिवसेना केंद्रात आणि राज्यात दोन्हीकडे सत्तेत गेली. मार्च २०१८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉ दिल्लीत आले आणि जैतापूरचा करार आणखी एक पाऊल पुढे गेला, तेव्हाही शिवसेना सरकारातच होती. २०१९ मध्ये तर मुख्यमंत्रीच शिवसेनेचा झाला. प्रकल्प रद्द झाला नाही. त्याच तालुक्यातला नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प मात्र २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी रद्द झाला. नाणारची अधिसूचना मुंबईत निघाली होती म्हणून मुंबईत मागे घेता आली. जैतापूरची दोरी दिल्लीत आहे. वर सांगितलेली केंद्राची यादी ती हीच.

गंमत अशी की प्रकल्प रद्दही झाला नाही आणि उभाही राहिला नाही. पंधरा वर्षांत तिथे एकही भट्टी नाही. याचे श्रेय किंवा दोष आंदोलनाला द्यायचा की राजकारणाला? आमच्या मते तिसऱ्याच गोष्टीला, किमतीला. ज्या अरेवा कंपनीशी करार झाला ती पैशाअभावी मोडकळीला आली आणि तिचा हा धंदा ईडीएफ या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला. अशाच बनावटीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये सुरू केली होती, ती वीज द्यायला लागली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्च मूळ अंदाजाच्या अनेक पट झाला. फिनलंडमधली २००५ ला सुरू झालेली भट्टी २०२३ मध्ये नियमित चालू झाली. ईडीएफने २०२१ मध्ये जैतापूरसाठी आपला प्रस्ताव दिला, त्यावरची बोलणी लांबत गेली. दिल्लीतल्या सरकारला भट्ट्या हव्यात, पण युनिटचा दर परवडायला हवा, आणि दर परवडत नाही तोवर सह्यांचे फोटो कितीही छापले तरी पाया खणला जात नाही.

दराचा विषय निघाला की महाराष्ट्राला एन्रॉन आठवलेच पाहिजे, आणि परळीच्या माणसाला तर जास्तच. १९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री असताना दाभोळच्या वीजखरेदीचा करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, आणि ती सर्वांत मोठ्या आवाजात केली ती आमच्याच परळीजवळच्या नाथ्रा गावच्या गोपीनाथ मुंडे यांनी. ते उपमुख्यमंत्री झाले, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने करार रद्द करायची शिफारस केली, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला. आणि पुढच्याच वर्षी त्याच सरकारने फेरबोलणी करून तो पुन्हा जिवंत केला, आधीपेक्षा मोठा करून. १९९९ मध्ये वीज सुरू झाली, दर इतका चढा की २००१ मध्ये मंडळाने हात वर केले. निवडणुकीतली घोषणा आणि सही झालेला कागद यांतले अंतर बीड जिल्ह्याने इतक्या जवळून पाहिले आहे की आम्हाला ते कोकणातून शिकायची गरज नव्हती.

बाहेरचे जगही पाहा, थोडक्यात. जर्मनीत अँगेला मर्केल यांच्या सरकारने २०१० मध्ये जुन्या भट्ट्यांचे आयुष्य वाढवले, आणि फुकुशिमानंतर काही आठवड्यांत त्याच मर्केलबाईंनी निर्णय फिरवला. शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. इथे सरकार बदलले नाही, लोकांचे मन बदलले, आणि सरकारने ते ऐकले. दुसऱ्या टोकाला अबू धाबीचे बराका. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे तिकडे कामाला आहेत, त्यांच्या खोलीतला एसी चालतो त्यातली सुमारे पाव वीज आता अणुभट्टीची आहे. २०१२ मध्ये बांधकाम सुरू, २०२४ पर्यंत चारही भट्ट्या चालू. तिथे निवडणुकीत सरकार बदलत नाही, धोरणही बदलले नाही. काम वेगाने झाले हे मान्य. पण तिथल्या मच्छीमाराला काही म्हणायचे होते का, हे आम्हाला कधी वाचायला मिळाले नाही. वेग हवा म्हणून ही किंमत द्यावी असे आम्हाला वाटत नाही.

कुणी असे समजू नये की आम्ही अणुवीजेच्या सरसकट विरोधात आहोत. परळीच्या आसपास ज्याने धुतलेले कपडे वाळत घातले आहेत त्याला कोळशाची राख काय असते हे सांगावे लागत नाही. राखेच्या तळ्यांजवळच्या गावांत दमेकरी किती आहेत हे डॉक्टरांना विचारा. राखेच्या उपशाचे राजकारण तर अलीकडे साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. अणुभट्टीला धूर नाही, राख नाही, ही तिची बाजू खरी आहे. तिचे वापरलेले इंधन मात्र कैक पिढ्या सांभाळावे लागते. आपल्या नातवांच्या नातवांकडे आपण ही अमानत सोपवणार, आणि त्यांचे मत कोणी विचारू शकत नाही. ज्यांचे मत विचारता येते त्यांचे तरी विचारावे.

म्हणून भाभींना आमचे सांगणे असे. अफवेवर जमीन विकू नका आणि अफवेवर राखूनही ठेवू नका. तुमच्या मुलाच्या शिक्षणाला पैसे लागत असतील तर तेवढ्यासाठी जो निर्णय घ्यायचा तो घ्या. माडबनची जमीन गेली त्या साली जन्मलेले मूल आज दहावीच्या वयात आहे आणि भट्टीचा पाया अजून नाही. अणुवीजेच्या नावाने मिळणाऱ्या नोकरीसाठी कुणी थांबायचे ठरवले तर त्याने हा हिशेब करावा. मुलाला वीजतंत्री म्हणून काम शिकू द्या, ते सौरऊर्जेलाही लागते आणि कोळशालाही.

उद्या खरोखर नोटीस आली, परळीला असो की आणखी कुठे, तर आधी एकच ओळ वाचा: जमीन कोण घेत आहे आणि कोणत्या कायद्याखाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार खासगी कंपनीसाठी सरकार जमीन घेत असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते, सरकार आणि खासगी अशा भागीदारीसाठी ७० टक्क्यांची. सरकार स्वतःच्या कामासाठी घेत असेल तर ही अट नाही. अणुवीज आजवर सरकारचीच होती. आता खासगी कंपन्या येणार म्हणतात, तेव्हा या टक्क्यांना धर्मापुरीसारख्या गावांत पहिल्यांदाच अर्थ येऊ शकतो. कुणी तुम्हाला हे सरकारी काम आहे, सही फक्त नावाची आहे असे सांगू लागला तर कंपनीचे नाव विचारा आणि कागद मशिदीच्या ओट्यावर किंवा चावडीवर चार माणसांत वाचून घ्या. घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा, सातबाऱ्यावर त्यांची नावे असतात आणि सह्या मात्र त्यांच्या मागाहून घेतल्या जातात.

शेवटी पाण्याचे. परळीच्या केंद्राला पाणी मिळते ते गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून आणि माजलगाव धरणाच्या भरवशावर. २०१३ च्या दुष्काळात ते पाणी संपले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. २०१५ मध्येही पाण्याअभावी हीच वेळ आली. कोळशाचे केंद्र बंद करता येते. विस्तव विझवला की बॉयलर थंड होतो, माणसे घरी जातात, पाऊस पडला की परत येतात. अणुभट्टीचे तसे नाही. ती बंद केल्यावरही आतले इंधन उष्णता देत राहते आणि त्याला थंड ठेवायला पाणी फिरवत राहावे लागते. फुकुशिमाच्या चालू भट्ट्या भूकंपाच्या धक्क्याने आपोआप बंद झाल्या होत्या. त्यानंतर त्सुनामीने पंप बंद पाडले, पाणी फिरेना आणि इंधन वितळले. तिथे शेजारी अख्खा समुद्र होता. मराठवाड्यात लागोपाठ तिसरे वर्ष कोरडे गेले, टँकर सुरू झाले, माजलगाव मृतसाठ्यात गेले, तेव्हा बंद भट्टीसाठी पाणी कोणाच्या वाट्यातून काढणार? परळी शहराच्या, उसाच्या, की आमच्या हंड्यांच्या? हा आकडा ज्या दिवशी कोणी ग्रामसभेत कागदावर लिहून देईल त्या दिवशी आम्ही भाभींच्या दोन एकरांबद्दल पुन्हा लिहू.